चारी कडांना डिंक

मी सुट्टीचं पुस्तक बोलतोय. आत यायचं असेल तर आधी टकटक करा, आमच्या बालवर्गाचा तसा नियमच होता. आता करून काही उपयोग नाही म्हणा, पण सवय जात नाही.

छापखान्याच्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. माझ्या सात पानांवर सात कागदी दारं. लांब टेबलाशी बसून बायका ती हातानं लावायच्या आणि त्यांची मुकादमीण सारखी ओरडायची, "एकाच कडेला डिंक गं बायांनो! तीन कडा मोकळ्या ठेवा. दार आहे ते, भिंत नाही!"

मग मी बालवर्गात आलो. बाई मला मांडीवर घ्यायच्या, पोरं चटईवर दाटीवाटीनं बसायची. ज्याची पाळी त्यानं पुढे येऊन दारावर बोटानं टकटक करायची. सगळ्या वर्गानं एका सुरात विचारायचं, "कोण आलंय?" मग दार उघडून सांगायचं. कपाटात सुट्टीची भरलेली बॅग, तंबूत झोपलेली मांजर, पलंगाखाली लपलेला मामेभाऊ. पोरांना सगळं तोंडपाठ, तरी मांजर दिसली की रोज तेवढाच हशा. मोठ्या माणसांना मात्र दुसऱ्या दिवशीच जांभया येतात.

शेवटच्या पानावर घराचं दार होतं. त्यामागे हातात बॅग घेऊन सुट्टीवर आलेले बाबा.

त्या वर्गात एक मुलगी होती. एवढीशी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. शाळेत ती तोंडातून अक्षर काढायची नाही. बाईंनी गाणी म्हटली, खाऊ दिला, ही ढिम्म.

"घरी बोलते हो," तिची आई फाटकाशी बाईंना सांगत होती. "तिचे बाबा लांब कामाला गेले ना, तेव्हापासून बाहेर बोलणं बंद. सुट्टीत येतो म्हणालेत."

एके दिवशी शेवटच्या दाराची पाळी मुंगीवर आली. टकटक. "कोण आलंय?" तिनं दार उघडलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बाबा."

बाईंना रडूच आलं. त्या दिवसापासून ते दार तिचं झालं. आठवड्याभरात "बाबा आले" झालं, मग "बाबा आले, बॅग आणली." मला गर्व झाला, खोटं कशाला बोलू.

सुट्टी लागेपर्यंत माझी सगळी दारं लोंबायला लागली होती. शाळा उघडल्या दिवशीच तपासणी होती. जाता जाता बाई शाळेच्या मावशींना म्हणाल्या, "फाटकी पुस्तकं तेवढी नीट चिकटवून ठेवा हं."

गोष्टीच्या तासाला मावशी मागे पेले घासत असायच्या. माझी दारं उघडताना त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. पण काम चोख. सातही दारांना चारी कडांनी डिंक लावला आणि वर दोन दिवस पाटा ठेवला.

तपासणीचे साहेब मला चाळून म्हणाले, "वा! अगदी नव्यासारखं."

ते गेल्यावर बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो मावशी, ही उघडायची होती!"

"उघडली तर फाटणार नाहीत का, बाई?" मावशी गोंधळून म्हणाल्या.

बाईंनी पट्टीच्या कडेनं तंबूचं दार सोडवायचा प्रयत्न केला. दाराबरोबर मांजरीचं तोंडही निघून आलं. मग त्यांनी बाकीच्यांना हात लावला नाही. त्यांनी मला फळीवर मागे सारलं, कारण सकाळीच मुंगीची आई सांगून गेली होती, "आले नाहीत ते. येणारही नाहीत. तिकडेच दुसरं घर केलंय त्यांनी. हिला अजून काही बोलले नाही मी."

पण मुंगीनं मला शोधून काढलं. चटईवर ठेवून थेट शेवटचं पान उघडलं. टकटक.

"कोण आलंय?" वर्ग सवयीनं ओरडला.

तिनं कडेला नख लावलं. दार हललं नाही. पुन्हा टकटक केली, पुन्हा नख लावलं. मला आतून ओरडावंसं वाटत होतं, अगं आलेत, कागदाच्या मागेच उभे आहेत! पण ते माझे चित्रातले बाबा. तिचे नव्हते आले.

"कोणी नाही आलं," मुंगी म्हणाली.

तिनं मला मिटलं, उचलून फळीवर ठेवलं आणि जागेवर जाऊन बसली. वर्षभर पुन्हा ती वर्गात बोलली नाही. पुढे आई तिला घेऊन दुसरीकडे राहायला गेली.

आता मी कपाटाच्या माथ्यावर असतो. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी लोंबत्या दारांचं असेल, तर असू द्या हो फाटकं. मावशी धूळ पुसताना मला कौतुकानं उघडून बघतात. "बघा बाई," म्हणतात, "तंबूचं सोडलं, तर अजून एकही दार सुटलेलं नाही."