अर्जातली बहीण

जगदेवनं आयुष्यात संगणक पाहिला नव्हता. कारंज्याच्या एका कॉलेजात गणित शिकवणाऱ्या या चोवीस वर्षांच्या मास्तरानं नागपूरहून आणलेल्या एका जुन्या पुस्तकावरून संगणकाची भाषा शिकून घेतली होती, आणि खोलीवर बसून तो चौकटीच्या वहीत, एका चौकटीत एक अक्षर असे प्रोग्राम लिहीत असे. ते चालवायला यंत्र नव्हतं, म्हणून यंत्रही तोच व्हायचा. ओळीवर बोट ठेवून, वहीत लिहिलंय तेवढंच करत, मनात काय होतं ते विसरून, तो शेवटच्या ओळीपर्यंत जायचा. एकोणीसशे त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचे एम.एस.च्या प्रवेशाचे फॉर्म त्याच्या नावानं आले, तेव्हा त्या जाड पाकिटाला येणारा परक्या डिंकाचा गोडसर वासही त्याला आवडला होता.

गुण, प्रमाणपत्रं, तीन शिफारशी, सगळं जमत आलं. राहिलं होतं ते दोन पानांचं निवेदन, आपल्याला हा विषय का शिकायचा आहे ते सांगणारं. जगदेवनं ते चार वेळा लिहिलं आणि विभागप्रमुख दौलतराव यांना दाखवलं. दौलतराव दोन वर्षं अमेरिकेत राहून आलेले, त्यामुळे त्यांचा शब्द कॉलेजात शेवटचा असे. त्यांनी कागद वाचला आणि पानाचा तोबरा गालात सरकवला.

"हा अर्ज आहे की एस.टी.चं वेळापत्रक? विषय आहेत, टक्के आहेत. माणूस कुठंय?"

"मग काय लिहू सर?"

"दुखणं लिही. तिकडच्या लोकांना काहीतरी दुखणारं लागतं."

"माझ्याकडे तसं काही नाही सर."

"तुझ्याकडे नाही?" दौलतराव हसले. पानाचा लाल रस त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात जमा झाला होता. "अरे, तुमच्या लोकांकडे नसेल तर कोणाकडे असेल?"

जगदेव खाली बघत उभा राहिला. त्या लाल थेंबाची त्याला शिसारी आली, आणि आपण अजून इथून निघून जात नाही याची त्याहून जास्त. त्याच्या बापानं, ग्यानबानं, छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवसापासून मागच्या जगण्याचा एक शब्दही घरात काढू दिला नव्हता. पोराला दहाव्या वर्षी नागपूरच्या वसतिगृहात घातलं ते मान वर करून जगावं म्हणून. बापानं जे जमिनीत गाडलं ते उकरून परक्यांपुढे मांडायचं नाही, एवढं जगदेवनं जिना उतरतानाच ठरवलं. मग विकायचं तर जे नाहीच ते विकावं, असा एक कडवट विचार त्याच्या मनात आला.

दुपारी रिकाम्या कार्यालयात, कॉलेजच्या टाइपरायटरपुढे बसून, त्यानं स्वतःला एक बहीण दिली. तो एकुलता एक होता. पण बहिणीचं नाव शोधावं लागलं नाही, बोटांखाली ते आपसूक उमटलं: लखमा. वय पाच. गावच्या पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन तिला नारू झाला. लहानपणी त्यानं गावात नारू झालेली माणसं पाहिली होती. पायावरचा फोड फुटून त्यातून पांढरं, ओलं, शेवयीसारखं सूत बाहेर यायचं, ते काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढून घ्यायचं. त्यानं लिहिलं की घाईनं ओढताना बापाच्या हातून लखमाचं सूत तुटलं, आतला तुकडा आतच कुजला, पाय सडला, घराला असा वास सुटला की शेजारी दारावरून जाताना पदर नाकाला लावत, आणि सत्तावन्नच्या उन्हाळ्यात ती गेली. कोणत्या विहिरीनं किती माणसं नासवली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मला तो संगणकावर मांडायचा आहे. शेवटचं वाक्य टाइप करून तो उठला. त्यानं बाहेर जाऊन नळावर हात धुतले, मग पुन्हा धुतले.

दौलतरावांनी दोन्ही पानं सावकाश वाचली. "छान," ते म्हणाले. "वास येतो."

पाकीट गेलं. त्यानंतर जगदेवचं जेवण तुटलं. खाणावळीत ताट समोर आलं की वरणाच्या वाफेखाली काहीतरी कुजकं, कोमट असं त्याला जाणवे. तो भांडी हुंगून पाही आणि शेजारचे त्याच्याकडे बघत. हे मनाचे खेळ आहेत, स्वतःच्या लबाडीची किळस आहे, हे त्याला कळत होतं. गावी दोन दिवस राहिलं की उतरेल, असं वाटून जानेवारीत तो मानोऱ्याच्या गाडीत बसला आणि पुढे गावापर्यंत तुरीच्या शेतांमधून पायी गेला.

गावाच्या तोंडाशी शेजारची बेबीताई काटक्या वेचत होती.

"जय भीम, मास्तर. बरं झालं आला. लखमाची याद आली का रे?"

जगदेव थांबला. "कोणाची?"

"लखमाची ना." बेबीताईनं मोळी डोक्यावर घेतली. "माय तुही लय रडून राह्यली होती सकाळपासून. आज एवढ्या दिसानं तुले पाहीन तं हलकं वाटन तिले." आणि ती पुढे निघून गेली.

निवेदन इंग्रजीत होतं. त्याची प्रत खोलीतल्या पेटीत कुलपात होती. दौलतरावांना या गावाचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. जगदेवनं हे सगळं उरलेल्या वाटेवर पुन्हा पुन्हा मनात मांडून पाहिलं आणि घरी पोचला तेव्हा त्याला एवढंच कळत होतं की आपल्याला विचारायचं नाहीय. पण पंचफुलेनं, त्याच्या आईनं, पोरगा आला म्हणून दूधगुळातल्या शेवया केल्या. ताटलीत पांढरा, ओला गुंता होता. ताटली दूर सारत त्यानं विचारलं,

"आई, आपल्याकडं लखमा कोण होती?"

चुलीपुढची पंचफुला हलली नाही. ओसरीवर बसलेला ग्यानबा उठला, पायात वहाणा न घालताच अंगणात गेला.

"आठवलं तुले?" आई म्हणाली. "आमाले वाटे, तू इसरला. इसरला तं बरंच झालं मनो आमी."

"कशानं गेली ती?"

"नारूनं. आता काहून इचारतं बापा?"

"बाबाच्या हातून सूत तुटलं, हो ना?"

पंचफुलेनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. खूप दिवस जपून ठेवलेलं एखादं भांडं शेवटी फुटावं तसं काहीतरी होतं.

"तुह्या बापानं तं हातबी नाई लावला. आमी वावरात होतो. तुनं ओढलं. तू आठ वर्साचा, तुले वाटलं धागा हाये, खेळाले घ्यावा. ती हासत होती मने, तू ओढत होता तं. लेकराले काय समजते? कोणी तुले बोट नाई लावलं."

जगदेव बाहेर जाऊन भिंतीशी ओकला. अंगणातल्या बापाला त्यानं विचारलं, तर ग्यानबा एवढंच म्हणाला, "जे गाडलं ते कायले उकरतं?" घरात मुलीचा एक फोटो नव्हता, एक झबलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेत जाऊन त्यानं जुनं रजिस्टर चाळलं. पाच वर्षांची पोर शाळेत कुठून असणार, हे तिथं उभं राहिल्यावर त्याला सुचलं.

कारंज्याला परतल्यावर त्यानं एक गोष्ट तरी स्वच्छ करायची ठरवलं. आईबापांना काय झालं असेल ते असो, त्यानं जे लिहिलं ते खोटं होतं, हे त्याला स्वतःच्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. त्यानं विद्यापीठाला पत्र टाइप केलं: माझ्या निवेदनातला बहिणीचा मजकूर खरा नाही. माझी कोणतीही बहीण नारूनं मेलेली नाही. याबद्दल मी क्षमा मागतो.

दौलतरावांनी ते ऐकलं तेव्हा ते पहिल्यांदाच चिडले. "तोंडचा घास थुंकतोयस."

"हो सर," जगदेव म्हणाला. "थुंकतोच आहे."

पत्र टाकलं त्या रात्री तो पोटभर जेवला. अन्नाला अन्नाचा वास येत होता. पुढचे दोन महिने त्यानं वर्ग घेतले, चौकटीच्या वह्या भरल्या, घरून निरोप आले तरी गावाकडे फिरकला नाही, आणि आता तिकडून नकारच येणार असं मानून तो जवळजवळ सुखी झाला.

एप्रिलमध्ये पाकीट आलं. प्रवेश मिळाला होता. शिकवण्याच्या कामावर फी माफ होती, राहण्याखाण्यापुरता पगार होता, ऑगस्टच्या अखेरीस हजर व्हायचं होतं. पत्राच्या शेवटी विभागाच्या प्रमुखांनी दोन ओळी हातानं लिहिल्या होत्या. तुमची दुरुस्ती आम्ही अर्जाला जोडली आहे, असं त्यात होतं. तुमची बहीण जिवंत आहे हे वाचून आम्हा सर्वांना फार आनंद झाला.

जगदेव आधी मोठ्यानं हसला. परदेशी माणूस, घाईनं वाचलं असेल, मी लिहिलं काय आणि यांनी घेतलं काय. मग त्यानं आपल्या पत्राची प्रत काढून ते वाक्य वाचलं, एकेका शब्दाखाली बोट धरून, मनात काय होतं ते बाजूला ठेवून. बहीण नव्हतीच असं त्यात कुठंच नव्हतं, मेलेली नाही एवढंच होतं. वाचता वाचता त्याचं हसू गेलं. पत्र खिशात घालून तो थेट एस.टी. स्टँडवर गेला.

गावात ऊन पांढरं झालं होतं. वास त्याला घराच्या बऱ्याच अलीकडे आला. दौलतरावांना कागदावर आला होता तोच, फक्त आता त्यात कडुनिंबाचा पाला उकळल्याचा वासही मिसळला होता. बेबीताई समोरून घागर घेऊन आली आणि पदर नाकाला लावून बाजूनं गेली.

ओसरीवर बाजेवर बावीसेक वर्षांची एक बाई बसली होती. उजवा पाय पुढे पसरलेला, पोटरीपासून खाली सुजून काळानिळा झालेला. कपाळ ग्यानबाचं होतं, हसणं आईचं.

"आला व्हय दादा?" ती म्हणाली. "किती दिसानं आला."

घोट्यावरच्या भोकातून पांढरं सूत बाहेर आलं होतं आणि तिच्या हातातल्या काडीला गुंडाळलेलं होतं. तिच्या डोक्यामागच्या फळीवर तशाच भरलेल्या काड्या ओळीनं ठेवल्या होत्या, जुन्या पिवळ्या पडून वाळलेल्या, अलीकडच्या अजून ओलसर. जगदेवनं त्या मोजायला सुरुवात केली आणि डोळे मिटले.

"हात धू अन् बस," पंचफुला आतून म्हणाली. तिच्या आवाजात कसलाही बदल नव्हता. रोजचं काम रोजच्या वेळेला सांगावं तसं ती सांगत होती. "मह्या हाताले आता कापरं भरते. तुह्या बापाले दिसत नाई. तुलेच करा लागन."

"सतरा वर्सं झाले," ग्यानबा भिंतीला टेकून म्हणाला. "सरतच नाई बापा ते."

"आई, मले जा लागते." आपला आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. खिशातलं पत्र त्यानं बाहेर काढलं. "अमेरिकेहून चिठ्ठी आली. ऑगस्टात."

"जाशीन ना," आई म्हणाली. "कोण नाई मनते? एवढं सरलं का जाशीन."

लखमानं काडी त्याच्यापुढे धरली. तिच्या डोळ्यांत दुखणं नव्हतं, लहान मुलं खेळाची वस्तू देताना बघतात तसा विश्वास होता. पळून जावं म्हणून तो वळला, आणि वळता वळता बाजेच्या कडेवर बसला. सूत कोमट होतं आणि बोटांना किंचित हलल्यासारखं लागलं. त्यानं काडी अंगठा आणि तर्जनीत धरली, डाव्या हातानं तिचा घोटा स्थिर केला आणि अर्धा वळसा दिला. अर्ध्याहून जास्त द्यायचा नसतो, हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही.