बंद दारामागचं पान

लोकांच्या रीतीला आपण रोग म्हणत नाही, याचा डॉ. बल्लाळांना अभिमान होता. बेंगळुरूला मनोविकारतज्ज्ञ होऊन ते आपल्या गावी, कारकळला परतले ते हेच मनात धरून. म्हणूनच, 'सासू मेलेल्या लेकीला पान वाढते, तिच्याशी बोलते' अशी तक्रार करत वारिजा सासूला पहिल्यांदा घेऊन आली, तेव्हा त्यांनी केसपेपरवर लिहिलं, 'रोग नाही. आटीची रीत.' आटी या ऐन पावसाळ्यातल्या महिन्यात गेलेल्या माणसाला कोंबडी-रोटीचं पान वाढायचं आणि दार लोटून बाहेर थांबायचं, हे त्यांच्याही घरी चाले.

दीड महिन्याने दोघी पुन्हा आल्या. सासूचं, म्हणजे देयक्काचं, वजन सहा किलोंनी उतरलं होतं.

"आटी कधीच संपली, डॉक्टर. मामी अजून रोज पान वाढतात," वारिजा म्हणाली. सासूला ती मामी म्हणे.

"दुःख पंचांग बघून येत नाही, अक्का. माझी आई आजोबांच्या पानाशी बसून अजून भांडते."

"भांडून झाल्यावर जेवते ना?"

डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला.

"तुमच्याकडे घटकाभराने दार उघडून सगळे जेवायला बसतात. मामी दारच उघडत नाहीत."

डॉक्टर सासूकडे वळले. "का हो, देयक्का?"

"प्रेमा जेवत असते," देयक्का म्हणाली. "मधेच दार उघडलं तर उपाशी उठेल. आणि लेकीच्या आधी मी कशी जेवू?"

पान वाढण्याबद्दल डॉक्टरांनी मागे सगळं विचारलं होतं. जेवता का, एवढं मात्र विचारलं नव्हतं. त्यांनी जुनी ओळ खोडली.

"म्हणजे रोगच की! नाव काय त्याचं?" वारिजाने विचारलं.

"नाव ठरायला वेळ लागेल. औषध आजपासून."

देयक्काने पदर मुठीत धरला. "गोळी घेतली की प्रेमा यायची बंद होईल?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"होईलही. सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण गोळी तिला घालवायला नाही देत. तुम्ही राहायला हव्यात म्हणून देतोय."

"जेवणाआधी की नंतर?"

"नंतर."

"लबाड आहात. म्हणजे जेवायला लावणार."

"लावणार."

वारिजाने पेजेचा डबा उघडून पुढे केला. देयक्का बराच वेळ त्याकडे बघत राहिली. मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून हळूच म्हणाली, "तुझं सावकाश होऊ दे गं, बाळा. मी घेते दोन घास."

पुढच्या पेशंटला डॉक्टरांनी थांबायला सांगितलं.