अपघाताची तयारी

"ही तार कुणासाठी रे, विल्बेर? मुशीसाठी की माझ्या भावासाठी?"

आउरिस्तेलाने पोलादी तारेचं वेटोळं पायानेच बाजूला सारलं आणि ती पुन्हा आपल्या पालथ्या टबावर बसली. इक्वेडोरच्या सान मातेओ गावात, किनाऱ्यावरच्या त्याच जागी बसून गळ बांधण्यात तिचा जन्म गेला होता. विल्बेर बोटीचा मालक. त्याच्या बाप्तिस्म्याला तिनेच त्याला हातांवर धरलं होतं. त्यामुळे तो तिला मावशी म्हणे, आणि आवाज चढवायचा झाला तर आधी इकडेतिकडे बघून घेई.

"मावशी, यंदा एल निन्यो आहे. समुद्र तापलाय. कुपा मासा थंड पाणी शोधत एवढ्याशा पट्ट्यात गोळा होतो, मुशीही तिथंच. गळाला लागणारच. नायलॉनचा तंगूस ती दातांनी कापते नि जाते. तार कशी कापेल?"

"म्हणजे अपघात व्हायचाय, आणि तू त्याची तयारी करतोयस."

मुशी, म्हणजे शार्क, मुद्दाम धरायला कायद्याने बंदी होती. अपघाताने सापडली तर विकायला मुभा होती. सान मातेओची माणसं कायदा पाळणारी. त्यामुळे पाणी तापलं की अख्ख्या किनाऱ्याला अपघात होत, आणि झाल्या प्रकाराबद्दल मनापासून हळहळत लोक मुशी वजनकाट्यावर चढवत.

"सगळेच लावतात तार," विल्बेर म्हणाला.

"सगळ्यांचे भाऊ बोटं घालवून नाही आले."

मागच्या एल निन्योत एलोयने जिवंत मुशी बोटीवर ओढली होती. तारेचा वेढा हाताला बसला, मुशीने उसळी मारली. तार काही तुटली नाही. बोटं तुटली.

एलोय तिथेच दोरी गुंडाळत बसला होता. "जाऊ दे ना, ताई. अजून आठ आहेत की."

"तू गप. आईने दहा देऊन पाठवलं होतं."

विल्बेरने घसा खाकरला. "नसेल जमत तर दुसरी बाई बघावी लागेल मला."

"बघ की."

तो बघायला गेला. पण किनाऱ्यावरची एकूण एक बाई दुसऱ्या बोटींच्या अपघातांची तयारी करण्यात गुंतली होती. एकीचाही हात रिकामा नव्हता. तो परतला तेव्हा आउरिस्तेला मान खाली घालून गाठींमागून गाठी मारत होती. सगळ्या तंगुसाच्या. एलोयला घेऊन बोट तशीच गेली.

परत आली तेव्हा तिच्यात थोडा कुपा होता आणि मुशी एकच, तीही लहान. शेजारच्या बोटींवर मात्र हळहळ ओसंडत होती.

"उद्यापासून येऊ नकोस, मावशी," विल्बेर वाळूकडे बघत म्हणाला.

"बरं. टब माझाय."

टब डोक्यावर घेऊन ती घरी आली. तिने चुलीवर माशाचं कालवण चढवलं. मागोमाग एलोय आला आणि त्याने मूठभर तंगुसाचे तुकडे तिच्यापुढे टाकले. प्रत्येकाचं टोक दातांनी कुरतडलेलं, गळ गायब.

"बघ तुझी करणी. सगळ्या पळाल्या."

"आधी हात धू."

त्याने दोन्ही हात पुढे केले. ती पाणी ओतू लागली. भांडं रिकामं झालं, तरी हात तिने धरूनच ठेवले होते.