किशनरावांचं इनाम

परभणीच्या उर्दू कचेरीत चार खेटे काय झाले, किशनराव पाटलांना साधं मराठी बोलायची लाजच वाटायला लागली. ऊस सुकायला लागला होता. सरळ म्हणावं, बाबांनो, जरा हात उचला. ते नाही! विहिरीवर येऊन मिशीला पीळ देत म्हणाले, "उसाची पाण्याची पाळी संपेस्तोवर जो जास्त मोटा काढील, त्याला आमच्याकडून इनाम!"

विहिरीला दोन मोटा. एकीवर सटवाजी, दुसरीवर बन्सीधर. दोघंही पाटलांचे सालगडी. सटवाजीच्या कानात 'इनाम' शिरलं ते बाहेर यायचं नाव घेईना. निजामाच्या राज्यात इनाम म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक. गुरवाला इनाम, जोश्याला इनाम, मुलाण्याला इनाम, आणि सगळं जमिनीचंच. सटवाजीच्या घराण्यात कुणाच्या नावावर कधी ढेकूळ नव्हतं. बायकोला सांगितलं, तर तानुबाईनं बसल्या जागी ओढ्याकाठचा तुकडा पसंत करून टाकला.

त्याआधी दोघांचं काय गूळपीठ होतं म्हणता! एकाच्या मोटेचा नाडा तुटला की दुसरा आपली मोट थांबवून गाठ मारायला धावायचा. एकानं गाणं धरलं की दुसरा ते उचलायचा. आता गाणं बंद. गाण्यात दम कोण घालवतो? बन्सीधरचा नाडा तुटला तेव्हा सटवाजी आभाळात घारी बघत बसला.

मोट काढली की ज्यानं त्यानं आपल्या गाडग्यात एक चिंचोका टाकायचा. लबाडी करायची सोय नव्हती, कारण दुसऱ्याचे डोळे गाडग्यावरच. पण मोट किती भरली ते कोण बघतो? मोट पुरती बुडायच्या आत सटवाजी बैल हाकायला लागला. हलकी मोट, बैल खूश, चिंचोके भराभर.

तानुबाई उसात पाणी धरायला होती. पहिल्या दिवशी ती ओरडली, "आवं, पाणी कुठं मुरायलंय? शेवटच्या सरीला थेंब न्हाई!"

"इनाम पायजे का पाणी?" सटवाजीनं विचारलं.

तानुबाई जी गप्प झाली, ती झालीच.

पाळी संपली. चिंचोके सटवाजीचे जास्त भरले. नवराबायको धुतल्या कपड्यांनी विहिरीवर पाटलांसमोर उभे राहिले. बन्सीधर बाजूला बसला. पाटलांनी झोकात एक तांबडा पटका काढून सटवाजीच्या डोक्याला गुंडाळला.

"अन् जमीन?" सटवाजी म्हणाला.

"कसली जमीन?"

"इनाम म्हन्ला हुता न्हवं!"

"अरे येड्या, इनाम म्हणजे बक्षीस!"

सटवाजीचं टाळकंच फिरलं. "मंग बक्षीस म्हनायचं! ह्या फडक्यासाठी मी अर्ध्या मोटा उपसल्या असत्या व्हय?"

पाटलांची मिशी जागच्या जागी थांबली. "अर्ध्या?"

बन्सीधर ताडकन उठला. "मालक, ह्यो अर्ध्या भरून जिंकलाच कसा? मी तर पावच भरायलो हुतो!"

"आणि तू गं?" पाटील तानुबाईवर कडाडले. "पाणी धरायला तूच ना?"

"मला काय ठावं, मालक, इनाम म्हंजी पटका आसतंय म्हून!"

पाटील धोतर सावरत उसाकडं पळाले. शेवटच्या सऱ्यांतला ऊस वाळून कडकड वाजायला लागला होता. तिथून आलेल्या शिव्यांत मात्र उर्दूचा एक शब्द नव्हता.

सटवाजी विहिरीच्या कडेला मटकन बसला आणि हमसून रडला. तुकडा गेला होता. नव्हताच, तरी गेला होता. बन्सीधर आधी हसला, मग त्याचंही तोंड उतरलं. तो जवळ येऊन उकिडवा बसला.

"सटव्या, माज्यासंगं घरी चल."

"कशाला?"

"माजी मनकर्णा बी जमीन धरून बसलीय. आज सकाळीच तिनं माहेराला सांगावा धाडलाय, आमी इनामदार झालो म्हून. एकट्यानं तिच्याम्होरं जायाची छाती व्हईना, लेका."