शंभर पावलांची रेघ

पाऊल शून्य. अजून कुणी चाललेलं नाही.

जूनचा तिसरा आठवडा, सकाळचे साडेसात. गुरुग्रामच्या मागे, अरवलीच्या उतरणीवर, धौलीखेड गावचा माळ इतका पिवळा पडला होता की कुणीही बघून म्हणावं, इथे काही नाही.

विनया टिपणीसला आज नेमकं हेच कुणाला म्हणू द्यायचं नव्हतं. साठ हेक्टरचा माळ. इथे जेसीबी येणार, चाळीस हजार खड्डे काढणार आणि पाऊस पडला की त्यांत झाडं लागणार, असा आराखडा तयार होता. सही तेवढी राहिली होती. ती करणारे नवे विभागीय वनाधिकारी आज स्वतः माळ बघायला येणार होते. त्यांना पटलं तर खड्डे रद्द आणि माळ गवताचा राहील. नाही पटलं तर सोमवारी जेसीबी.

नोएडातल्या एका लहानशा संस्थेत विनयाचं काम असं, की गवताबद्दल शास्त्रज्ञांना जे कळलंय ते जमीन सांभाळणाऱ्या माणसांच्या हातात, खरं म्हणजे पायांत, उतरवायचं. मयूर विहारच्या सोसायटीत तिला ‘घासवाली आंटी’ म्हणत. तिला ते मनापासून आवडायचं.

निघताना लेक, तनया, दारात आडवी उभी राहिली होती.

“आई, प्लीज. आज तू बोलू नकोस. तू सुरू झालीस की लोक फोन काढून बसतात.”

“मी बोलणारच नाहीये. जगबीर बोलणार आहेत.”

“बिल्कुल नाही बोलणार?”

“बिल्कुल नाही.”

“चलो, देखते हैं,” तनया म्हणाली, आणि तिनं डबा हातात दिला.

अजूनही पाऊल शून्यच.

जगबीर तंवर म्हणजे या माळाचे वनरक्षक. वय सेहेचाळीस, मिशा जाड, बुटांना पॉलिश. चार वर्षांपूर्वी विनयाच्या पहिल्या वर्गात ते शेवटच्या बाकावर, खिडकीकडे तोंड करून बसले होते. “मैडम, घास तो भैंस भी पहचान लेती है,” असं म्हणून त्यांनी अख्खा वर्ग हसवला होता. विनयानं फळा तसाच सोडला आणि सगळ्यांना बाहेर माळावर नेलं. तिथे जगबीरनी अकरा गवतं नावानिशी दाखवली. त्यांतली सहाच तिला ठाऊक होती. त्या दिवशी दोघांनीही एकमेकांकडून शिकायचं ठरवलं. तसं बोलून मात्र कुणी दाखवलं नाही.

तिनं शिकवलेली रीत साधी होती. उजव्या बुटाच्या टोकावर पांढरा ठिपका रंगवायचा. डोळे मिटून गोल फिरायचं आणि लाठी सोडून द्यायची. लाठीचं टोक जिकडे, तिकडे शंभर पावलं, नाकासमोर. प्रत्येक पावलाला ठिपक्याखाली काय आलं ते मोठ्यानं सांगायचं: गवत, दगड, पाचोळा, माती, नाहीतर विलायती कीकर, म्हणजे वेडी बाभूळ. लिहिणारा मागून लिहितो. काटा आला म्हणून वळसा घालायचा नाही. आणि लाठी दुसऱ्यांदा सोडायची नाही, कारण मनासारखी दिशा मिळेपर्यंत लाठी सोडणारा माणूस माळ मोजत नसतो, स्वतःला समजावत असतो. हे शेवटचं वाक्य विनयाचं. जगबीरनी ते वहीत लिहून ठेवलं होतं.

जीप आली. साहेब उतरले. चैतन्य रणपिसे, वय पस्तिशीच्या आसपास, मूळचे साताऱ्याकडचे. विनयाला पाहून मराठीत “नमस्कार” म्हणाले. मग माळाकडे बघून हिंदीत म्हणाले, “यहाँ तो कुछ है ही नहीं.”

विनयाच्या जिभेवर तिनं या माळावर लिहिलेल्या अहवालाची साठ पानं आली. तिनं ती गिळली.

“साहब,” जगबीरनी लाठी पुढे केली, “आप ही गिराइए.”

साहेबांनी गंमत म्हणून डोळे मिटले, गोल फिरले, लाठी सोडली. लाठी पडली उत्तरेकडे तोंड करून.

विनयानं त्या दिशेला पाहिलं.

उत्तरेला जुने खड्डे होते. तीन पावसाळ्यांपूर्वी नमुना म्हणून याच माळाच्या एका पट्ट्यात चारशे रोपं लावली होती. सगळी वाळली. त्याबद्दल कुणी बोलत नसे. आणि विनयानं, हो, तिनंच, अहवालाच्या नकाशावरून तो पट्टा अलगद बाजूला ठेवला होता. खात्याला अपमान वाटेल, फाईल अडेल, त्या वेळी देखरेखीला असलेल्या जगबीरवर ठपका येईल, अशी तिची तीन कारणं होती आणि तिन्ही चांगली होती. नकाशा बघून जगबीरनी एकदाच विचारलं होतं, “मैडम, उत्तर में लाठी एक बार भी नहीं गिरी?” ती म्हणाली होती, “इत्तफ़ाक.” म्हणजे निव्वळ योगायोग.

आता तिला राहवलं नाही. साहेबांच्या जवळ सरकून, जगबीरना कळणार नाही अशा मराठीत, ती हळूच म्हणाली, “सर, तिकडे फार काटे आहेत. तळ्याच्या बाजूनं जाऊ या का? तिकडची रेघ आखलेलीच आहे.”

रणपिसेंनी तिच्याकडे पाहिलं आणि उत्तर मोठ्यानं, हिंदीत दिलं. “मैडम कह रही हैं, उधर काँटे हैं. जगबीर जी, दोबारा गिराएँ?”

“दोबारा नहीं गिराते साहब. मैडम का ही सिखाया हुआ है.” जगबीरनी मिशीवरून बोट फिरवलं. “और मैडम की मराठी पर मत जाइए. फ़ोन पर घर वालों को मराठी में ही बोलती हैं कि खाना खा लिया, और डिब्बा खुला भी नहीं होता.”

साहेब खो खो हसले. विनयाचे कान तापले. पिशवीतला डबा तसाच होता.

पाऊल १. गवत.

पाऊल २. गवत. पाऊल ३. दगड. पाऊल ४. गवत.

जगबीर पुढे, साहेब त्यांच्या बाजूला, विनया मागे वही घेऊन. लिहिणारा बोलत नाही, हाही तिचाच नियम.

पाऊल ९. पाचोळा. साहेबांनी फोन काढला.

पाऊल १७. गवत.

“कहाँ है घास? ये तो भूसा है.”

“बैठिए साहब.” वनरक्षकानं अधिकाऱ्याला बस म्हटलं, आणि अधिकारी उकिडवा बसला! जगबीरनी गवताचा ठोंब दोन्ही हातांनी केस विंचरावेत तसा विभागला. आत, मातीलगत, बोटभर हिरवं होतं. “ये अंजन है. मरा नहीं, दम साधे बैठा है. पहली बौछार के दस दिन बाद आइए, आपके घुटने तक होगा. इसकी जड़ मेरी लाठी जितनी नीचे गई है. पानी यही रोकती है, पेड़ बाद में.”

हे तिनं चार वर्षांपूर्वी स्लाइडवर दाखवलं होतं. स्लाइडवर बाण होते, आकडे होते. केस विंचरल्यासारखे हात नव्हते. वहीवर मान घालून विनया एकटीच हसली, आणि कुणीतरी हे बघायला हवं होतं असं तिला वाटलं. तनयानं, म्हणजे.

साहेबांनी फोन खिशात टाकला.

पाऊल ३४. बोरीचं झुडूप आडवं. जगबीर सरळ त्यातून गेले. साहेबही गेले. साहेबांची बाही फाटली.

पाऊल ५०. गवत.

पाऊल ५१. गवत. विनयाचा हात थांबला.

पाऊल ५२. माती.

५३ माती. ५४ माती. ५५ माती. ५६ कीकर. ५७ माती.

इथे गवत जवळजवळ नव्हतंच. अर्धे बुजलेले खड्डे होते, ओळीत, शिस्तीत, आणि त्यांच्या कडेनं विलायती कीकरची कमरेएवढी काटेरी पोरं उगवली होती.

पाऊल ६०. माती. साहेब थांबले. “ये किसके गड्ढे हैं?”

वारा नव्हता. दूर एक्स्प्रेसवेचा आवाज येत होता. विनयानं तोंड उघडलं. तिच्याकडे वाक्य तयार होतं, गुळगुळीत, कुणाचंच नाव नसलेलं.

“मेरे हैं,” जगबीर म्हणाले.

पुढे सगळं त्यांनीच सांगितलं, आवाज न चढवता. चारशे खड्डे. हुकूम वरून आला, पण जागा त्यांनी दाखवली आणि उभं राहून काम त्यांनीच करून घेतलं. गवत मुळासकट निघालं, खालची माती वर आली. रोपं दुसरा उन्हाळा बघू शकली नाहीत. मग नीलगाय आणि बकऱ्या येऊन बसू लागल्या. त्यांच्या लेंड्यांतून कीकरचं बी पडलं, आणि उकरलेली जमीन त्याला आयतीच मिळाली. “जहाँ मैंने छेड़ा, वहाँ कीकर. जहाँ नहीं छेड़ा, वहाँ घास. साहब, मैं गिनकर बता रहा हूँ. अंदाज़ा नहीं है.”

“रिपोर्ट में ये पट्टी नहीं है.” साहेब विनयाकडे वळले.

“नाही,” विनया म्हणाली. मग हिंदीत, जगबीरना कळेल असं, “मैंने छोड़ दी थी. ग़लती मेरी है.”

जगबीरनी तिच्याकडे पाहिलं नाही. “चालीस क़दम बाक़ी हैं,” ते म्हणाले, आणि उजवा बूट उचलला.

पाऊल ६१. माती.

पाऊल ७८. कीकर.

पाऊल ७९. गवत. पाऊल ८०. गवत. पाऊल ८१. गवत.

पाऊल १००. गवत.

विनयानं आकडे वाचले. पट्ट्यातली सत्तावीस पावलं: माती एकोणीस, कीकर पाच, गवत तीन. पट्ट्याबाहेरची त्र्याहत्तर: गवत एकोणपन्नास, दगड अकरा, पाचोळा नऊ, माती फक्त चार. तिच्या साठ पानांत असा पुरावा कुठेच नव्हता. असता कसा? तो तिनंच बाहेर ठेवला होता.

जगबीरकडून खडू घेऊन रणपिसेंनी आपल्या बुटाच्या टोकाला ठिपका काढला, डोळे मिटले, फिरले, लाठी सोडली आणि एकटेच निघाले. सुरुवातीला पुटपुटत, मग हळूहळू मोठ्यानं. सातारच्या माणसाचा आवाज माळावर लांबून येत राहिला: “घास. घास. पत्थर. घास.”

“सीधा चल रहे हैं,” जगबीर म्हणाले. अशी शाबासकी विनयाला पहिल्या वर्षी मिळाली नव्हती.

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून साहेबांनी लिहिलं. खड्डे रद्द. पट्ट्यातलं कीकर पावसाआधी मुळासकट काढणे. गवत पेरणीविना येऊ देणे. शेवटच्या ओळीशी पेन क्षणभर थांबलं. “जगबीर जी, पुराने गड्ढों का लिखकर देना होगा. जवाब-तलब हो सकता है.”

“हो जाए साहब. जो पूछने आएगा, उसे भी सौ क़दम चला दूँगा.”

साहेबांनी शेवटची ओळ लिहिली: विभागातल्या सर्व वनरक्षकांना ही रीत शिकवणे, शिकवणारे, जगबीर तंवर.

जीप गेली. दोघं डबा उघडून बाभळीखाली बसली.

“आपको पता था, लाठी उत्तर में गिरेगी?” विनयानं विचारलं.

“इत्तफ़ाक,” जगबीर म्हणाले, आणि थालीपिठाचा मोठा तुकडा मोडला.

पाऊल १०१.

ऑगस्ट. दुसऱ्या एका माळावर तीस वनरक्षक, तीस पांढरे ठिपके, आणि गवत खरंच गुडघ्यापर्यंत. पुढे जगबीर. रांगेच्या शेवटी विनया, कारण त्यांनी सगळ्यांना चालायला लावलं होतं आणि सगळ्यांत ती आली. तनयाही आली होती. तिला वही दिली होती आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं.

बाविसाव्या पावलाला बोरीचं झुडूप आलं. विनयाचा पाय सवयीनं किंचित बाजूला वळला.

“मैडम!” पन्नास पावलांवरून जगबीर ओरडले. “घूमकर नहीं!”

तीस माणसं हसली. सगळ्यांत मोठ्यानं वही धरलेली मुलगी हसली.

विनया सरळ झुडपात शिरली. ओढणी अडकली, फाटली, तिथेच राहिली. पलीकडे तिनं खाली वाकून ठिपका पाहिला, आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “गवत!”