सरकलेली गादी

“भाऊ, ही गादी सरकलीय बघा,” इंदूबाई म्हणाली. “शिडीखाली नुसती फरशी हाय.”

भूपेशने तोंडातली शिट्टी काढली. “टेन्शन नका घेऊ हो मावशी. रोज पन्नास पोरं खेळतात इथं. काय होत नाय.”

त्याने शिट्टी फुंकली आणि बावीस पोरं एकदम ओरडत सुटली.

मीरा रोडच्या एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर भूपेशने दोन महिन्यांपूर्वी हा हॉल काढला होता. बाप-आजा मिठागरात राबलेले. जमीन बिल्डरकडे गेली आणि नातवाने लहान मुलांसाठी छपराखालचं खेळघर उघडलं. भिंतींवर बॅटी, फुटबॉल आणि पदकं रंगवलेली होती. पोरांच्या उंचीला बास्केटबॉलच्या जाळ्या, सरपटत जायला कापडी बोगदा, आणि कोपऱ्यात भिंतीला ठोकलेली लाकडी शिडी. शिडीच्या टोकाला पितळी घंटा होती. ती वाजवेल तो चॅम्पियन. शांती नगरातल्या एका इंग्रजी शाळेची शिशुवर्गाची मुलं सत्त्याण्णवच्या डिसेंबरात तिथे आली होती. बरोबर मानसी टीचर आणि मावशी म्हणून इंदूबाई.

इंदूबाई जालन्याकडची. नवऱ्यामागे भाईंदरला आली. नवरा केरबा कारखान्यात होता, तो छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा ती चाळिशीत होती. तेव्हापासून आठ वर्षं ती या शाळेत पोरांची नाकं पुसत होती, ओल्या चड्ड्या बदलत होती. कोण आई गेली की रडतो आणि कोण आई दिसली की रडतो, हे तिला टीचरपेक्षा जास्त ठाऊक होतं.

तिने मानसी टीचरलाही सांगून पाहिलं. “टीचर, ती गादी…”

“मावशी, ते बघतील ना त्यांचं,” मानसी कॅमेऱ्यात डोळा घालून म्हणाली. मोठ्या मॅडमना वार्षिक अंकासाठी फोटो हवे होते. “तुम्ही प्लीज त्या बाजूची मुलं बघा.”

इंदूबाईने वाकून गादीचा कोपरा ओढून पाहिला. गादी जड होती, हलली नाही. दोन्ही हातांनी, पाय रोवून ओढली असती तर हलली असती. पण तेवढ्यात पलीकडे एक मुलगा पाय आवळून उभा दिसला, आणि ती त्याला बाथरूमकडे घेऊन गेली.

ती त्याच्या चड्डीची बटणं लावत होती तेव्हा घंटा वाजली. टाळ्या झाल्या. आणि मग टाळ्या मध्येच थांबल्या.

ती धावत आली. कृतिका फरशीवर पडली होती, गादीपासून हातभर अंतरावर. पाच वर्षांची पोर, रडतही नव्हती. तिचा उजवा कोपर जिथे वळू नये तिथे वळला होता.

भूपेशचा चेहरा पांढरा पडला. मानसी कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून “ओ गॉड, ओ गॉड” म्हणत राहिली. इंदूबाईने पदर फाडून पोरीचा हात पोटाशी बांधला, तिला उचललं आणि रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली. “भैया, जल्दी. अस्पताल.”

रिक्षात गचका बसला तशी कृतिका पहिल्यांदा कण्हली. मग म्हणाली, “मावशी, मी घंटा वाजवली.”

“हो माझ्या राजा. ऐकली मी.”

दवाखान्यात कृतिकाची आजी रखमाबाई जवळच्या मोरवा गावाहून आली तेव्हा पोर ऑपरेशनला आत गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सळई घालावी लागेल. हात पुन्हा पूर्ण सरळ होईलच असं नाही.

“कोन व्हता पोरीजवल?” म्हातारीने विचारलं.

मानसीने मान खाली घातली. इंदूबाई म्हणाली, “मी होते.”

“तुला पोरं न्हाय काय गं? डोळे कुठं ठेवलं व्हतंस?”

म्हातारी भिंतीला टेकून रडू लागली, तरी इंदूबाई तिथेच उभी राहिली.

सोमवारी मोठ्या मॅडमनी तिला ऑफिसात बोलावलं. मानसी आधीच कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. टेबलावर टाइप केलेला इंग्रजी कागद होता.

“फॉर्मॅलिटी आहे, मावशी,” मॅडम म्हणाल्या. “भूपेशभाई आपल्या ट्रस्टींच्या ओळखीचे आहेत. त्यांना त्रास नको, शाळेचं नाव नको. तुम्ही सही करा, महिनाभर घरी बसा. सगळं थंड झालं की परत घेते.”

“काय लिहिलंय?”

“टीचर, सांगा त्यांना.”

मानसीने कागद उचलला. “मुलीवर लक्ष ठेवायची जबाबदारी इंदूबाईंची होती. त्या जागेवर नव्हत्या. शिडीखालची गादी…” तिने एकदा मॅडमकडे पाहिलं. “गादी जागेवर होती.”

“टीचर,” इंदूबाईने हळूच विचारलं, “होती का?”

मानसीचे डोळे भरले. पुढच्या महिन्यात तिचा साखरपुडा होता. घरात कमावणारी तीच. इंदूबाईला हे सगळं माहीत होतं. तिने पुन्हा विचारलं नाही.

“मला एक कोरा कागद द्या,” ती मॅडमना म्हणाली.

केरबा गेल्यावर ती विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात लिहायला शिकली होती. एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहायची. मॅडम घड्याळाकडे बघत राहिल्या. पाव तासाने तिने कागद पुढे सरकवला.

‘गादी सरकली होती. मी बघितली. भाऊंना सांगितलं. टीचरला सांगितलं. कोणी ऐकलं नाही. पण मी दोन हातांनी ओढली नाही. ती माझी चूक आहे. इंदूबाई केरबा वाघमारे.’

“हे नकोय आम्हाला,” मॅडम म्हणाल्या.

“माझी सही यावर हाय.”

“मग उद्यापासून येऊ नका.”

इंदूबाईने मान डोलावली. दाराशी मानसीने तिचा हात धरला. “मावशी, सॉरी. मला नाही हो जमलं.”

“कळतंय मला, बाळा,” ती म्हणाली. पण हात सोडवून घेतला.

ती घरी गेली नाही. थेट मोरव्याला गेली. रखमाबाई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. इंदूबाईने उभ्यानेच सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट.

म्हातारीचे हात सुपात थांबले. “त्या दिवशी का न्हाय बोललीस?”

“पोर आत टेबलावर होती. तिथं काय गादीचं बोलू?”

म्हातारीने सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, “भूपेश आमचे सोयऱ्यातला हाय. माझा पोऱ्या, पोरीचा बापूस, त्याला न्हाय काय बोलनार.”

“त्यासाठी आले नाय मी. तुम्हाला खरं ठाऊक असावं, एवढंच.”

रखमाबाई उठली. सूप बाजूला ठेवलं. “ये, भितरी ये. निजलीय ती.”

कृतिका पलंगावर झोपली होती. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवलेला. इंदूबाई उंबऱ्याशी उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. जवळ गेली नाही. म्हातारीने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो घेतला आणि निघाली.

तक्रार झाली नाही. हॉल पंधरा दिवसांत पुन्हा सुरू झाला. फक्त भूपेशने स्वतः पहार घेऊन कोपऱ्यातली शिडी उखडून काढली. कुणी विचारलं तर म्हणायचा, “जागा अडत होती.” कृतिकाचा हात जुळला, पण किंचित वाकडा राहिला.

इंदूबाईला एका खानावळीत कणीक मळायचं काम मिळालं. तिथे पोरांचा आवाज नसायचा. दुपारी कधी तिला वाटायचं, आता कुणीतरी हाक मारेल, आणि ती पिठाचे हात तसेच धरून थांबायची.

फेब्रुवारीत एका सकाळी ती भाजीची पिशवी घेऊन शांती नगरातून चालली होती. समोरून शाळेची पोरं येत होती, दोन-दोनच्या जोडीने, एकमेकांचे हात धरून. त्यांना बागेत नेत होते बहुतेक. नवी मावशी रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभी होती, तिच्यापुढे एक रिक्षा घुरघुरत थांबली होती. ओळीच्या शेवटी कृतिका होती, डावा हात जोडीदाराच्या हातात.

इंदूबाईचा हात आपोआप वर गेला. आणि तिथेच थांबला. तिला पाहिलं तर पोरं हात सोडून धावत सुटणार, भर रस्त्यात, गाड्यांमधून. तिला ती पोरं माहीत होती.

ती चटकन बाजूला उभ्या असलेल्या टेम्पोच्या आड गेली. पिशवी पायांशी ठेवली, पदर तोंडावर ओढला. शेवटची जोडी पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत ती तिथून हलली नाही.