संत्र्याची पहिली फोड

बाळांनो, जरा डोळे मिटा. तुम्हाला खूप तहान लागली आहे आणि समोर कुणीतरी संत्रं सोलतंय. वास नाकात शिरला ना? आता समजा, ती फोड खायची नाही. जमेल?

बार्शीटाकळीच्या प्रणालीला ते जमवायचं होतं. वडिलांच्या मळ्यातली काकडी तिनं नेहमीसारखी पाटाच्या पाण्यात बुचकळून खाल्ली होती. या वेळी पाण्यातून जंतू पोटात गेले. हगवणीतून रक्त पडलं, जंतूंच्या विषानं मूत्रपिंडं बंद पडली, लघवी थांबली. आता अकोल्याच्या दवाखान्यात यंत्र तिचं रक्त धुऊन देत होतं, आणि उशाशी पडद्यावर तिच्या हृदयाची हिरवी रेघ पळत होती.

डॉक्टर ललिता मॅडमनी तिला समजावलं होतं, "संत्र्यात, नारळपाण्यात पोटॅशियम असतं. एरवी ते चांगलंच. पण तुझी लघवी बंद आहे, म्हणून ते बाहेर पडत नाही. रक्तात साठलं की हृदयाचा ठेका चुकतो. हृदय थांबूही शकतं."

आई औषध आणायला गेली आणि अमरावतीकडून शकुनमावशी आली, संत्र्यांची पिशवी घेऊन. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं, आणि मावशीची तर बागच होती.

"माय वं, ओठ किती सुकले पोरीचे! घे, खाय." फोड थेट तोंडाशी आली.

प्रणालीच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं रेघेकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

"काहून वं? माह्या बागेतला संत्रा तुले गोड नाई लागत?"

"लय गोड लागते, मावशी. पन आता खाल्ला तं माहं हृदय बंद पडन. थे रेघ पाय. थे मीच आहो."

मावशीनं फोड मागे घेतली. "अन् मी सारी पिशवी चारनार होती!" ती पिशवी घेऊन तशीच बाहेर गेली, ठेवून आली आणि प्रणालीचे पाय चेपत बसली.

काही दिवसांनी प्रणाली ओरडली, "मावशी, झाली! लघवी झाली!"

साऱ्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. "माहा शुभम बारावी पास झाला, तवाबी एवढा आनंद नवता झाला!" मावशी डोळे पुसत म्हणाली.

पुढे रक्त तपासलं, हृदयाची सोनोग्राफी झाली. मॅडम हसल्या. "मूत्रपिंडं कामाला लागली, हृदय दणकट आहे. आता खा संत्रं!"

मावशीनं बागेतून आणलेलं ताजं संत्रं लगेच सोलायला घेतलं.

"थांब," प्रणाली म्हणाली. ती संत्रं घेऊन नळाशी गेली. साबणानं हात धुतले, संत्रं धुतलं, स्वतः सोललं आणि पहिली फोड मावशीच्या तोंडात घातली.